भिजत पडलेले घोंगडे

आमचे गाव निफाड तालुक्यात. तिथे वडिलांची साडेतीन एकर द्राक्षबाग. वडील गेले, दिवसकार्य झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि मी घरात थोरला म्हणून सगळे कागदपत्र एका पिशवीत घालून नाशिकला घेऊन आलो. एकच काम करायचे होते. सातबाऱ्यावरचे वडिलांचे नाव कमी करून तिथे आईचे आणि आम्हा तिघा भावंडांची नावे लावायची होती. वारसनोंद म्हणतात ती हीच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १४९ व्या कलमाप्रमाणे वारसाने ही खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. (त्या तलाठ्याला २०२४ पासून सरकार ग्राम महसूल अधिकारी म्हणते, गाव अजून तलाठीच म्हणते.) मला ते करायला चार वर्षे लागली.

धाकटी बहीण सिन्नरला असते. तिचा दर पंधरा दिवसांनी फोन.

"दादा, तलाठ्याकडं जाऊन आलास का?"

"नाही गं. या सोमवारी नक्की जातो."

"कोणत्या सोमवारी? साल सांग!"

हा विनोद पहिली दोन वर्षे चालला. तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाला बागेसाठी पीककर्ज हवे होते. जमीन मयताच्या नावावर, तेव्हा सोसायटीने कर्ज कोणाला द्यावे? नियमच तसा, त्यात सोसायटीचा काय दोष? भावाने एका नातलगाकडून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने पैसे उचलले. मला त्याने एका शब्दाने काही सुनावले नाही. त्याच्या बायकोने मात्र त्या दिवाळीला माझ्याशी बोलणे टाकले. तेव्हापासून बहिणीच्या फोनमधला विनोदही गेला.

मराठीत अशा कामाला भिजत घोंगडे म्हणतात. ज्याने ओले घोंगडे कधी उचलून पाहिले असेल त्याला या शब्दाची चोख जाण असेल. कोरडे असते तेव्हा ते खांद्यावर टाकून माणूस चार कोस चालतो. एकदा का ते पाण्यात पडले की जितके भिजेल तितके जड होते, आणि जितके जड होईल तितके ते उचलायला हात पुढे होत नाही. चालढकलीचे सारे गणित त्यात आले. पहिल्या महिन्यात मला फक्त एक अर्ज द्यायचा होता. वर्षाने त्या अर्जाबरोबर 'एवढा उशीर का?' या प्रश्नाचे उत्तरही द्यावे लागणार होते. तिसऱ्या वर्षी भावाच्या व्याजाचा हिशेब त्याला येऊन चिकटला. काम होते तेवढेच होते, वजन मात्र वाढत गेले.

आता तुम्ही म्हणाल, यात समजून घेण्यासारखे काय आहे? माणूस आळशी, दुसरे काय! आपल्याकडे हा निवाडा फार जुना आहे. समर्थ रामदासांनी तरुणपणची बारा वर्षे इथेच, नाशिकजवळच्या टाकळीला तप केले असे परंपरा सांगते. त्यांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकात करंट्या माणसाची लक्षणे सांगणारा एक समासच आहे, आणि त्यात आळसाची हजेरी चांगलीच घेतलेली आहे. समर्थांपुढे मान तुकवूनच मला म्हणावेसे वाटते की आळस वेगळा आणि चालढकल वेगळी. आळशी माणसाला कामच नको असते, आणि ते नसले म्हणजे तो सुखात असतो. चालढकल करणारा सुखात नसतो. त्याला काम करायचे असते, ते टळल्याने होणारे नुकसान त्याला दिसत असते, आणि तरीही तो ते पुढे ढकलतो. शिवाय एरवी तो चांगला कामसू असतो. माझेच पाहा. त्या चार वर्षांत मी घराला रंग काढला, भाचीच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत राबलो, जुन्या मासिकांचे गठ्ठे सालवार लावून टाकले. ज्या दिवशी तलाठ्याकडे जायचे ठरे, नेमका त्या दिवशी माळा साफ करायचा राहिला आहे हे मला हटकून आठवे. आमच्या माळ्याइतका स्वच्छ माळा सबंध गल्लीत नव्हता!

मग अडत कुठे होते? याचा उलगडा मला पुष्कळ उशिरा झाला. त्या अर्जात एक रकाना असतो, मयत खातेदाराचे नाव. त्या रकान्यात वडिलांचे नाव माझ्या हाताने लिहायचे होते. दिवस घातले, अस्थी रामकुंडात सोडल्या, ते सारे भटजी सांगतील तसे करत गेलो. पण 'मयत' या छापील शब्दापुढे आपल्याच अक्षरात बापाचे नाव लिहिणे मला जमत नव्हते. मी टाळत होतो ती तलाठ्याच्या कचेरीतली खेप नव्हती, तो रकाना होता.

आजचे मानसशास्त्रही पुष्कळसे याच वाटेने आले आहे. फ्यूशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या दोघांनी २०१३ साली मांडले की चालढकलीचे मूळ वेळेच्या नियोजनात शोधण्यापेक्षा मनाच्या अवस्थेत शोधावे. एखाद्या कामाच्या नुसत्या विचाराने मनात भीती, कंटाळा, लाज किंवा दुःख उठते. काम बाजूला सारले की ते उठलेले काहूर तेवढ्यापुरते शमते. हा आराम खराच असतो, आणि तिथेच सारी मेख आहे. ज्याने आराम मिळतो ते मन पुन्हा पुन्हा करते. मुलाची बँकेतली कागदपत्रे पुरी न करणारा बाप, दाताच्या डॉक्टरकडे न जाणारी आजी, प्रबंधाचे शेवटचे प्रकरण न लिहिणारा विद्यार्थी, या सर्वांना घड्याळ कळते, कॅलेंडर कळते. त्यांना एक नकोशी गोष्ट डोळ्यांसमोर येऊ द्यायची नसते, एवढेच. हल्ली सगळा दोष मोबाइलवर टाकण्याची रीत आहे. मोबाइलने पळून जायला एक जवळचे दार करून दिले हे कबूल, पण पळायचे होते आपल्यालाच. माझ्या वेळी ते दार म्हणजे माळा होता.

याच्या जोडीला आणखी एक भुरळ असते, ती 'उद्या'ची. उद्याचा मी हा कोणी निराळाच गडी असतो. त्याला वेळ पुष्कळ, त्याची झोप पुरी झालेली, त्याच्या घरी पाहुणे येत नाहीत, त्याची बस चुकत नाही. सगळी अवघड कामे आपण मोठ्या विश्वासाने या गड्याच्या अंगावर टाकतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारले की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आले ३४ दिवस. लागले ५५ हून अधिक. सगळेच उलटे घडले तर किती लागतील, हेही त्यांना विचारून ठेवले होते. तो अंदाजही ४९ दिवसांच्या आतलाच होता. म्हणजे वाईटात वाईट काय होईल याची कल्पना करतानाही मुलांचा उद्याचा गडी जरा जास्तच तगडा होता!

पण एक गोष्ट मला चार वर्षे खात होती. कामे टाळणारी हीच माणसे काही कामे मुळीच टाळत नाहीत, ते कसे? माझा भाऊ घ्या. त्याच्या घरच्या नळाची चावी वर्ष-वर्ष गळत असते. बागेत मात्र तो एक दिवस चुकत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी निफाड, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यात कोणाही बागाईतदाराला विचारा, "बागेला किती दिवस झाले?" तो तारीख सांगणार नाही. "अठरावा दिवस", "एकेचाळिसावा" असेच सांगेल. छाटणी हा पहिला दिवस, तिथून मोजणी सुरू. छाटलेल्या काडीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावायची, ती लगोलग. फुटवे निघाले की नको असलेली फेलफूट काढायची. मणी बाजरीएवढे झाले की घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे, चार दिवसांनी बुडवून उपयोग नाही, कारण तोवर मणी आपला आकार ठरवून मोकळे झालेले असतात. आणि मध्येच अवेळी पाऊस आला की केवडा रोगाच्या धास्तीने रात्री बारा वाजतासुद्धा ट्रॅक्टर फवारणीला बाहेर पडतो. तिथे 'सोमवारी पाहू' हे वाक्यच कोणाच्या तोंडून निघत नाही.

बागाईतदाराचा स्वभाव बागेत शिरताना बदलतो असे नाही. बागेतल्या कामाला दिवस असतो, जागा असते आणि आकार असतो. 'बाग चांगली पिकवायची' असे काम तिथे नसतेच. 'आज या आठ ओळींची फेलफूट' असे काम असते. वारसनोंदीला यातले काहीच नव्हते. तीन महिन्यांची कायद्याची मुदत एकदा उलटून गेली की आज गेलो काय आणि पुढच्या महिन्यात गेलो काय, सारखेच.

बागेला निसर्ग दिवस नेमून देतो. ज्या कामाला कोणीच दिवस नेमून देत नाही ते माणसे कशी करतात, याची दोन उदाहरणे आपल्या भागात घडलेली आहेत आणि दोन्ही तुरुंगातली आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी सत्याग्रही बंद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. गीतेचे अध्याय अठरा. विनोबांनी रविवार धरला. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिला अध्याय, १९ जूनच्या रविवारी अठरावा. मोजून पाहा, अठरा रविवार होतात, मधला एकही चुकलेला नाही. आणि ही प्रवचने आज आपल्याला पुस्तकरूपाने वाचायला मिळतात याचे कारण म्हणजे ऐकणाऱ्यांत एक गृहस्थ ती त्याच वेळी लिहून घेत होते. ते साने गुरुजी.

तेच साने गुरुजी पुढल्या वर्षी आपल्या नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार, रात्री त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या सोमवारी पहाटे लेखणी खाली ठेवली. दिवसा तुरुंगातले काम, रात्री आणि पहाटे लिखाण. काही रात्रींचा मजकूर त्यांनी सुटून आल्यावर जोडला आणि १९३५ साली पुस्तक निघाले, पण ग्रंथाचा मोठा भाग त्या चार-पाच रात्रींतला. नाशिकरोडच्या त्या भिंतीजवळून जाताना मला दर खेपेस याचे नवल वाटते.

आता या गोष्टीतून एक भलताच धडा काढला जातो, आणि तो काढणाऱ्यांत मीही होतो. "बघा, एका बैठकीत कामे होतात! मनाची उकळी यावी लागते. आपणही उकळी आली की बसू." परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुलाचा हा अगदी आवडता युक्तिवाद. पण साने गुरुजींना कोणी मुदत घातलेली नव्हती, प्रकाशक दाराशी बसलेला नव्हता. आणि लेखणीला सवय नव्हती असेही नाही. अमळनेरला शाळेत शिकवत असताना ते छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून एक दैनिक काढत. दैनिक बरे, मासिक नव्हे! दिवसभर वर्ग शिकवून, मुलांची उठबस करून, रोज मजकूर लिहायचा. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले. म्हणजे नाशिकच्या त्या रात्री जो हात चालला तो कित्येक वर्षे रोज चाललेला हात होता. उकळी आली हे खरेच, पण चूल आधीपासून पेटलेली होती.

तुरुंगाने त्यांना आणखी एक गोष्ट दिली असावी असे मला आपले वाटते. तिथे रात्र म्हणजे रात्रच. कोणी भेटायला येत नाही, कुठे जायचे नसते, लिहायची वेळ ठरलेली आणि जागाही ठरलेली. आपण बाहेर मोकळे आहोत आणि हेच आपल्याला नडते. 'केव्हाही करता येईल' असे जे काम असते ते कधीच होत नाही.

हे जे विनोबांच्या रविवारात होते, त्यावर पुढे जर्मनीत रीतसर प्रयोग झाले. पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकारी ब्रांडश्टेटर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितले की नाताळची संध्याकाळ तुम्ही कशी घालवली याची हकीकत ४८ तासांच्या आत लिहून पाठवा. काहींना एवढेच सांगितले. बाकीच्यांना म्हटले, तुम्ही ती नेमकी केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हेही आताच लिहून द्या. नुसते 'लिहू' म्हणणाऱ्यांपैकी एक-तृतीयांशाच्या आसपास मुलांनी वेळेत हकीकत पाठवली. वेळ आणि जागा ठरवणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी पाठवली. दोन्हीकडची मुले सारखीच, इच्छाही सारखीच. फरक एका ओळीचा, 'जेवण झाल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी' एवढाच. मला तर हे वाचून थोडा रागच आला. चार वर्षे मी निश्चय करत होतो, नवस बोलायचा तेवढा बाकी होता, आणि उपाय इतका क्षुल्लक निघाला!

क्षुल्लक म्हटले खरे, पण एवढ्याने सगळे भागत नाही. घोंगडे फार भिजलेले असेल तर आधी ते थोडे निथळावे लागते. हे निथळणे म्हणजे स्वतःला टोचून खाणे थांबवणे. आपली समजूत अशी की मनाला चांगले फटके दिले की ते वठणीवर येते. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उलटे दिसले. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केली म्हणून ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. थोडा विचार केला तर यात नवल नाही. कामाच्या आठवणीबरोबर दर वेळी 'मी नालायक' हेही आठवू लागले, की ते काम आणखी नकोसे होते आणि माळा आणखी स्वच्छ होतो. हा उपाय सर्वांनाच लागू पडेल असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्या उशिराचे व्याज दुसरा भरतो आहे त्याने स्वतःला फार लवकर माफ करून टाकू नये. मी आधी भावाच्या घरी गेलो. वहिनी म्हणून हाक मारायच्या ऐवजी तिला नावाने हाक मारतो मी, लहान आहे ती. म्हटले, "चुकलं माझं. व्याजाचे पैसे मी देणार." ती म्हणाली, "पैशाचं राहू द्या, भाऊजी. तेवढा कागद करा." आणि चहा टाकायला आत गेली.

त्यानंतरचे श्रेय बहिणीचे. तिने फोनवर मला एकच काम दिले. "आज तू तलाठ्याकडं जाऊ नकोस. अर्जही लिहू नकोस. आप्पांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या फक्त दोन झेरॉक्स काढून आण, आणि पिशवीत ठेव. बस्स." एवढे कोणालाही जमेल. मी गेलो, चार रुपयांत काम झाले, आणि गंमत पाहा, चार वर्षांत पहिल्यांदा ती पिशवी उघडली गेली. एकदा उघडली म्हटल्यावर आत काय आहे काय नाही ते पाहिले गेले. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज लिहायला सांगितला, पण मयताचा रकाना मोकळा ठेवून. "तो मी आल्यावर लिहू."

ती मंगळवारी आली. सकाळी दहाला, तलाठ्याच्या कचेरीबाहेरच्या बाकावर आम्ही तिघे भावंडे बसलो. पेन माझ्या हातात. मी दोन अक्षरे लिहून थांबलो. तिने माझ्याकडे पाहिले नाही, पाठीवर हात मात्र ठेवला. बाकीचे नाव पुरे झाले. सगळे मिळून एक मिनिटही लागले नसेल.

पुढचे काम कागदाने कागदाचे केले. वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद झाली, चौकशी झाली, फेरफाराची नोटीस लागली, हरकतीसाठी १५ दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्याची सही झाली. ज्यांना आता हे करायचे आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की वारसनोंदीचा अर्ज सरकारच्या ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही देता येतो. मात्र घरबसल्या म्हणजे केव्हाही, आणि 'केव्हाही'बद्दल मी वर सांगितलेच आहे. तेव्हा वार आणि वेळ धरूनच संगणकापुढे बसावे, आणि जमल्यास शेजारी कोणीतरी बसवून घ्यावे.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा आमचे घोडे गंगेत न्हाले म्हणायला हरकत नाही. भावाला पुढच्या हंगामाचे पीककर्ज सोसायटीतून मिळाले. व्याजाचे पैसे त्याने घेतले नाहीत. मी ते पुतणीच्या नावाने टपालात ठेवले आहेत.

नाशिकच्या घराच्या वीजबिलावर अजून आप्पांचेच नाव येते. ते बदलायला येत्या बुधवारी, अकरा वाजता, दूध घालणारा येऊन गेला की लगेच निघायचे आहे. दाखल्याची दुसरी झेरॉक्स पिशवीत आहेच.